शून्य सावलीतली रेकी

फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणात मी उमेदीची वर्षं घालवली. गोल एकही मारला नाही, पण एक घालवला. तो झाला, रेफरीने दिला, फलकावर चढला, दुसऱ्या दिवशी पेपरातही आला. घरी बसून सामना बघणाऱ्यांना तेवढा दिसला नाही. स्टेडियमच्या छपराची सावली आड आली, असं मी तेव्हा लेखी कळवलं होतं. खरं तर आड मी आलो होतो. हे सांगायला इतका उशीर झाला, कारण त्या अहवालावर कोणी शंका घेतली नाही. आणि कोणी शंका घेत नसेल, तर आपणहून फाईल उघडायला कोण जातो?

मी व्हिजन इंजिनिअर होतो. आमच्या अर्नाळ्यात हे पद समजावून सांगता सांगता माझे वडील थकले आणि शेवटी ‘टीव्हीत आहे’ यावर त्यांनी भागवलं. मैदानावरचा कॅमेरामन फ्रेम आणि फोकस सांभाळतो. त्याच्या कॅमेऱ्यात उजेड किती शिरू द्यायचा, हे मात्र ठरतं स्टेडियमबाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमध्ये, सीसीयूसमोर, म्हणजे कॅमेऱ्यांच्या नियंत्रण यंत्रणेसमोर. तिथे प्रत्येक कॅमेऱ्यासाठी एक बोटभर दांडी असते. पुढे सरकवली की आयरिस उघडतं, मागे ओढली की मिटतं. सामना सुरू असताना आमचे डोळे मॉनिटरवर आणि वेव्हफॉर्मच्या हिरव्या रेघांवर असतात, बोटं दांड्यांवर. काम नीट झालं तर आम्ही आहोत हे कोणाला कळतही नाही. बिघडलं तर पहिला फोन आम्हालाच येतो.

ढगाळ दिवशी हे काम निवांत असतं. रात्री दिव्यांखाली त्याहून निवांत. पंचाईत होते ती निरभ्र आकाश, उंच छपराचं स्टेडियम आणि कलत्या दुपारचा सामना असं त्रिकूट जमलं की. अर्धं मैदान उन्हात, अर्धं सावलीत, आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. उन्हातून घरात शिरलो की क्षणभर आपल्याला काही दिसत नाही, मग डोळा सरावतो. कॅमेऱ्याला मात्र ते ऊन आणि ते घर एकाच चौकटीत, एकाच क्षणी दाखवायचं असतं. उन्हातला खेळाडू सावलीतल्या खेळाडूपेक्षा आठ-दहा पट उजळ असू शकतो. आमच्या हिशेबात तो तीन स्टॉपचा फरक, किंवा त्याहून थोडा जास्तच. तेव्हाच्या टीव्हीच्या चित्राला तेवढं पेलत नसे. उन्हाचा हिशेब धरला तर सावलीतले खेळाडू काळे ठिपके होतात. सावलीसाठी उघडलं तर उन्हातलं गवत पांढरंफटक पडतं आणि चेंडू त्यात विरघळतो. म्हणून चेंडू जाईल तसं आयरिस हलवत राहायचं. याला आम्ही ‘राइड करणं’ म्हणायचो.

अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवतं, ‘मग दिवे लावा ना.’ लावतात. पण प्रक्षेपणाच्या दर्जाचे फ्लडलाइट मैदानावर साधारण दोन हजार लक्स उजेड पाडतात, आणि भर दुपारचं ऊन लाखाच्या घरात जातं. सावलीला त्याने थोडा आधार मिळतो, एवढंच.

मैदानाची दिशा निवडताना उन्हाचा विचार झालेला असतो. फुटबॉलचं मैदान शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे कोणत्याही गोलरक्षकाच्या डोळ्यांत मावळतीचं ऊन जाऊ नये. मुख्य कॅमेरा पश्चिमेच्या स्टँडमध्ये ठेवतात, म्हणजे सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी राहतो. हे शहाणपणाचं आहे. पण पश्चिमेच्या स्टँडवर छप्पर आलं की त्याची सावली कॅमेऱ्याच्या पायथ्यापासून मैदानात सरकायला लागते आणि प्रेक्षकांना छान वाटणारी तीच गोष्ट आमच्या मुळावर येते.

आता त्या सामन्याबद्दल. स्टेडियमचं नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. चारही बाजूंनी छप्पर असलेलं मोठं बांधकाम होतं. सामना डिसेंबरातला, रेकी, म्हणजे जागेची आगाऊ पाहणी, मी केली ती मे महिन्याच्या मध्यावर. करार लवकर झाला होता, कंपनीला कॅमेऱ्यांच्या जागा आणि केबलची लांबी कागदावर हवी होती. दुपारी साडेबाराच्या सुमारास मैदानाच्या मधोमध उभा राहून मी वर बघितलं. कुठेही सावली नव्हती. छपराची सावली स्टँडमध्येच, खुर्च्यांवर पडलेली. गवतावर सगळीकडे सारखं, सपाट ऊन. मी वहीत लिहिलं: ‘प्रकाश उत्तम. सावलीची अडचण नाही.’

महाराष्ट्रात मे महिन्यात शून्य सावली दिवस येतात. मुंबईच्या पट्ट्यात तो मेच्या मध्यावर येतो. त्या दिवशी भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्यातच नाहीशी होते. शाळांची मुलं मैदानात बाटल्या आणि नळकांडी उभी करून तो सोहळा बघतात. मी सावलीचा अंदाज घ्यायला वर्षातला नेमका तोच सुमार आणि दिवसातली नेमकी तीच वेळ गाठली होती. कोणी मुद्दाम शोधून काढायची म्हटली असती तरी याहून निरुपयोगी वेळ सापडली नसती.

त्यावर मी एक आकृतीही काढली. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला जाणार, सावली पश्चिमेच्या स्टँडमधून सरळ पूर्वेकडे येणार, म्हणजे मैदानाचे लांबीत दोन पट्टे होणार आणि दोन्ही गोलांना सारखाच न्याय मिळणार. आकृती सुबक होती. फक्त डिसेंबरात सूर्य पश्चिमेला मावळत नाही, नैऋत्येकडे मावळतो.

हे मला माहीत नव्हतं असं नाही, आणि म्हणूनच ते जास्त टोचतं. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला ते कोणी शिकवावं लागत नाही. मे अखेरीला आमच्याकडून सूर्य किल्ल्याच्या बेटाच्या अंगाला उतरताना दिसतो. दिवाळीनंतर तो डावीकडे सरकत सरकत डिसेंबरात पार मोकळ्या समुद्रावर बुडतो. दोन टोकांमध्ये जवळजवळ पन्नास अंशांचा फरक पडतो. वडील बोंबलाच्या डोलीवर जायचे. त्यांना पंचांग उघडावं लागत नसे. मावळतीला किल्ला सूर्याच्या कोणत्या हाताला आहे, यावरून ते महिना सांगायचे. त्यांचा मुलगा डिप्लोमा करून, कंपनीचं जाकीट घालून, सूर्य बारा महिने एकाच जागी मावळतो असं गृहीत धरून आकृती काढत होता.

सामना दुपारी साडेतीनला सुरू झाला. पहिला अर्धा तास ठीक गेला. मग सावली आली, पण माझ्या कागदाप्रमाणे सरळ नाही, तिरकी, नैऋत्येच्या कोपऱ्यातून. डिसेंबरात पावणेपाचच्या आसपास सूर्य क्षितिजापासून पंधरा-सोळा अंशांवर येतो आणि सावली वस्तूच्या उंचीच्या साडेतीन पट लांब होते. वीस मीटर उंच छप्पर धरलं तर सत्तर मीटर. फुटबॉलचं मैदान अडुसष्ट मीटर रुंद असतं. उत्तरार्धात दक्षिणेकडचा गोल, त्याच्यापुढचा पेनल्टी बॉक्स आणि मैदानाची अलीकडची बाजू सावलीत गेली. पलीकडे, ईशान्येच्या अंगाला, उन्हाचा एक तुकडा तेवढा उरला होता.

माझ्या शेजारी एक ज्युनियर बसला होता. हाताने हलका, डोळ्याने तीक्ष्ण. मुख्य कॅमेऱ्याची दांडी त्याच्याकडे होती, निर्णय माझ्याकडे. मध्यंतरातच तो म्हणाला होता, “सर, सावलीवरच ठेवूया का? ऊन जळलं तर जळू दे. गोल सावलीत आहे.” मी नाही म्हटलं. उन्हातली बाजू पांढरी पडलेली माझ्या वरिष्ठांना खपत नसे. जळलेलं चित्र म्हणजे नवशिक्याचं काम, असं आमच्या पिढीला शिकवलं होतं. अंधारलेलं चित्र त्यामानाने सभ्य मानलं जाई. शिवाय मला माझ्या बोटांची घमेंड होती. चेंडू सावलीत गेला की तेवढ्यात उघडू, असं मी धरून चाललो होतो.

डाव्या बगलेचा खेळाडू उन्हाच्या त्या तुकड्यातून चेंडू घेऊन सुटला. त्याची पांढरी जर्सी लखलखत होती, म्हणून आम्ही आयरिस मिटतं ठेवलं होतं. त्याने मान वर केली, क्रॉस टाकण्यासाठी पाय मागे घेतला. ज्युनियर म्हणाला, “सर, उघडू?”

मी म्हणालो, “थांब.”

का म्हणालो, ते अजूनही नीट सांगता येत नाही. क्रॉस येणार नाही, तो आत वळेल असं वाटलं असेल. एकदम उघडलं तर सगळं चित्र फटकन पांढरं होईल, ही भीती तर होतीच. चेंडू उन्हातून सुटला आणि सावलीच्या रेघेपलीकडे गेला. मॉनिटरवर खालच्या बाजूला काही आकृत्या वर उडाल्या, एक खाली पडली. मग स्टँडमधून आवाज उठला. व्हॅनच्या पत्र्यातून तो आम्हाला ऐकू आला, समालोचक ओरडला, आणि त्यानंतर त्या मुलाने न विचारता दांडी पुढे सरकवली. चित्र उजळलं तेव्हा चेंडू जाळ्यात पडून होता आणि गोलरक्षक तो काढायला वाकला होता.

रिप्लेला समोरच्या, उत्तरेकडच्या गोलामागचा एक कॅमेरा होता. पण तो सूर्याच्या बाजूला तोंड करून होता आणि त्याच्या काचेत उजेडाचे गोळे उतरले होते. तोही माझ्याच आकृतीप्रमाणे तिथे ठेवलेला. सामना त्या एका गोलावर संपला. रात्रीच्या बातम्यांत गोलाऐवजी गोलानंतरची मिठी दाखवली.

दुसऱ्या दिवशी अहवाल मागवला गेला. मी लिहिलं की, छपराच्या तीव्र सावलीमुळे प्रकाशातली तफावत उपकरणांच्या मर्यादेबाहेर गेली. वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मे महिन्यातली रेकी त्यात नव्हती. मध्यंतरातली सूचना नव्हती. ‘थांब’ नव्हतं. छप्पर बोलू शकत नाही, ही त्याची मोठी सोय आहे.

पण एवढ्यावर भागलं नाही. मुख्य कॅमेऱ्याची दांडी कोणाच्या हातात होती, अशी तोंडी विचारणा झाली. मी खरं तेच सांगितलं: ज्युनियरच्या. त्याला ‘थांब’ कोणी सांगितलं, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढच्या दौऱ्याच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. माझं होतं.

त्या अहवालाची दुसरी किंमत हळूहळू कळली. मी दोष छपरावर टाकला होता, आणि छप्पर काही कोणी हलवणार नव्हतं. त्यामुळे विषय ‘उपाय नाही’ या खणात जाऊन पडला. सामन्याची वेळ चुकली होती असं मी लिहिलं असतं, तर ती बदलता आली असती. पुढच्या हंगामात तिथले हिवाळ्यातले सामने पुन्हा साडेतीनलाच लागले. दुसरी टीम गेली, आणि त्यांच्याही चित्रात तीच रेघ आली. मी ते घरी बसून पाहिलं. बायको म्हणाली, “हे असं काळं का दिसतंय?” मी म्हणालो, “छप्पर आहे ना.” खोटं एकदा कागदावर उतरलं की तोंडात बसतं.

सावलीने पछाडलेला मी एकटाच नाही, हे नंतर वाचनातून कळत गेलं. १९८६ चा अर्जेंटिना-इंग्लंड सामना आठवत असेल. २२ जून, मेक्सिको सिटीचं अझ्टेका स्टेडियम, भर बाराला सुरुवात. मैदानाच्या बरोबर मध्यवर्तुळात कोळ्यासारखी एक काळी आकृती पडलेली दिसते. तारांवर टांगलेल्या ध्वनिवर्धकांची ती सावली. मी तो सामना पाहिला तेव्हा मला ती मैदानावरची नक्षी वाटली होती. पुढे नकाशा बघितला तर मेक्सिको सिटी आणि अर्नाळा जवळजवळ एकाच अक्षांशावर निघाले, साडेएकोणीस अंशांच्या आसपास. जूनच्या मध्यान्ही तिथेही सूर्य जवळपास डोक्यावर असतो. त्यामुळे कडेच्या छपराची सावली मैदानाला फारशी शिवत नाही, आणि मधोमध टांगलेल्या वस्तूची मात्र बरोबर खाली पडते. माझ्या मे महिन्यातल्या रेकीचंच ते मोठं रूप. त्याच सामन्यात मॅराडोनाने पहिला गोल हाताने केला आणि भर उन्हात रेफरीला तो हात दिसला नाही. सगळं खापर सावलीवर फोडू नये, एवढं त्यातून शिकण्यासारखं आहे.

मेक्सिकोत बाराला आणि २०१४ ला ब्राझीलमध्ये दुपारी एकला सामने ठेवले, ते युरोपातल्या संध्याकाळसाठी. ब्राझीलमध्ये एक वाजतो तेव्हा जर्मनी-फ्रान्समध्ये संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. नव्याने बांधलेली मोठमोठी छपरं आणि चकाकतं ऊन यांत तिथले कित्येक सामने काळ्या-पांढऱ्या तुकड्यांत दिसले. जगातली सर्वात महागडी यंत्रणा, निष्णात माणसं, तरीही. खेळाची वेळ प्रेक्षक ठरवतो आणि उजेडाची सूर्य. दोघांची गाठ घालून द्यायचं काम मधल्या कोणाचं तरी असतं, आणि तो बहुधा जेवायला गेलेला असतो.

उपाय नाहीत असं मात्र नाही. पारदर्शक पत्रे किंवा उजेड झिरपू देणारं कापड वापरलं की सावलीची धार बोथट होते. दुसरा उपाय वेळेचा. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ मध्ये उभं राहिलं. ६ ऑक्टोबर २०१७ ला तिथे १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे दोन सामने झाले, न्यूझीलंड-तुर्कस्तान संध्याकाळी पाचला आणि पॅराग्वे-माली आठला. वेळापत्रक हातात आल्याबरोबर मी सवयीने हिशेब केला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत सूर्य सहा-वीसच्या सुमाराला मावळतो. म्हणजे पाचला उन्हाची शेवटची तिरीप आणि उत्तरार्ध बहुतेक दिव्यांखाली. आपल्या इंडियन सुपर लीगने तर २०१४ पासून बहुतेक सामने सूर्यास्तानंतरच ठेवले. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर त्याच वर्षीच्या लुसोफोनिया क्रीडा स्पर्धेच्या निमित्ताने छपराचं काम झालं होतं, पण रात्रीच्या सामन्याला छप्पर असलं काय नि नसलं काय, व्हॅनमधल्या माणसाला सारखंच. नवे कॅमेरे आणि एचडीआरमुळे ऊन-सावली आता पूर्वीपेक्षा बरीच एका चित्रात मावते. तरुण मुलं मला विचारतात, “सर, तुम्ही त्या काळात कसं करायचात?” मी म्हणतो, “नेहमी जमायचं नाही.” त्यांना तो विनय वाटतो.

निवृत्तीनंतर अर्नाळ्यात कायमचा राहायला आलो, तेव्हा वाटलं होतं की या विषयाचं आणि माझं संपलं. वसईच्या पट्ट्यात फुटबॉलचं वेड जुनं आहे, आणि आता प्रत्येक गावच्या स्पर्धेचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं. गावचे निम्मे मामा-काका आखातात नाहीतर जहाजावर. ते तिकडून मोबाइलवर सामना बघतात. मंडळाची पोरं माझ्याकडे आली. “काका, तुम्ही टीव्हीत होता ना? आमचं जरा बघा.” मी जरा बघायला गेलो आणि सगळंच ताब्यात घेतलं.

मैदान किनाऱ्याजवळचं, पश्चिमेला सुरूची रांग. अंतिम सामना जानेवारीत. पोरांनी नेहमीप्रमाणे अडीचची वेळ धरली होती. मी ती साडेचार केली. “संध्याकाळचा उजेड मऊ असतो, चित्र सिनेमासारखं येतं,” असं मी त्यांना सांगितलं. पाहुणेही उन्हात यायला कुरकुरत होते, त्यांना हे पटलं. पश्चिमेला पाहुण्यांसाठी मांडव घालायचा होता. या वेळी मात्र मी गाफील राहणार नव्हतो. मांडवाची उंची मोजली, बारा फूट. जानेवारीतला सूर्याचा कोन काढला, सावलीची लांबी काढली, चुना घेऊन मैदानावर खूणही केली. सावली बाजूच्या रेषेच्या आत जेमतेम येत होती. पोरं आदराने बघत होती. मलाही माझा आदर वाटला.

फोन सांभाळणारा दहावीतला मुलगा तेवढा म्हणाला, “काका, मांडव मोजला, पण सुरू?”

मी म्हटलं, “झाडं विरळ असतात रे, त्यातून उजेड येतो.”

येतो ना. पट्ट्यापट्ट्यांनी येतो, आणि वारा सुटला की ते पट्टे हलतात. पन्नास फुटी सुरू आणि बारा अंशांवरचा सूर्य असला की सावली दोनशे पस्तीस फुटांची होते, म्हणजे मैदान आडवं पार करते. सव्वापाचला सगळ्या मैदानावर काळ्या-पिवळ्या काड्यांची चाळण हलायला लागली. फोनचं स्वयंचलित एक्स्पोजर गोंधळून श्वास घेतल्यासारखं उजळत-मंदावत राहिलं. हजारो बारीक हलत्या रेघा पाठवण्याइतका डेटाचा दम तिथल्या नेटवर्कला नव्हता, त्यामुळे चित्राचे चौकोनी ठोकळे झाले. विजयी गोल ठोकळ्यांत झाला.

रात्री एका मुलाच्या वडिलांचा आखातातून फोन आला. रागावलेले नव्हते. म्हणाले, “काका, पोराने गोल मारला म्हणतात. नक्की कुठे मारला?”

व्हॅनमधल्या त्या दिवसानंतर कोणी मला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न. या वेळी उत्तर सरळ दिलं. “वेळ मी बदलली होती. झाडं मोजली नाहीत. मुलाने विचारलं होतं, मी ऐकलं नाही.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “असू दे. पुढच्या वर्षी मारेल.” मंडळाच्या बैठकीतही मी तेच सांगितलं. अपेक्षा होती तसं काही झालं नाही. कोणी काही बोललं नाही, खजिनदाराने लिहून घेतलं आणि चहा आला. इतकी वर्षं ज्याला घाबरलो, ते चहा येईपर्यंतही टिकलं नाही.

मग मी जुन्या ज्युनियरला फोन केला. तो आता या धंद्यातला मोठा माणूस आहे, परदेशी टीम त्याला बोलावतात. दिवाळीला आमचं बोलणं होतं, पण हा विषय कधी निघत नसे. मी मध्यंतरातली त्याची सूचना, ‘थांब’ आणि तोंडी विचारणा, सगळं त्याला सांगितलं. त्याला अर्थातच माहीत होतं. मी सांगतोय एवढंच नवीन होतं. “जाऊ द्या सर, किती वर्षं झाली, मला तर आठवतही नाही,” तो म्हणाला. आणि त्याच दमात, “अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला झाला होता ना?”

मी ‘हो’ म्हणालो. माफी मागितली. तो म्हणाला, “तुम्ही तेव्हा बोलला असता तर मला एक दौरा मिळाला असता. आता काय.” त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं आणि मी काही बोललोही नाही. त्याची ती एक दौऱ्याची किंमत त्याने अचूक सांगितली होती. मी ती वाढवून सांगून स्वतःला मोठं करण्यात अर्थ नव्हता, आणि कमी करण्याचा अधिकारही नव्हता.

यंदाच्या स्पर्धेचं छायाचित्रण दहावीतला तो मुलगा बघणार आहे. आता तो कॉलेजात आहे. गेल्या जानेवारीत सामन्याच्या तारखेलाच, सामन्याच्याच वेळी तो मैदानात जाऊन उभा राहिला आणि सुरूची सावली कुठवर येते तिथे खुंट्या ठोकून आला. मला त्याने बोलावलं नव्हतं. अंतिम सामना दुपारी अडीचला आहे. पाहुण्यांसाठी मांडव नाही, कॅमेऱ्यासमोर सावली येणार नाही. ऊन लागेल, येताना टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन या.